मानग्याशी सोयरीक

चैत्र उतरणीला लागला की आमच्या कोरगावातल्या दुपारच्या वाऱ्याला एक आंबटगोड जडपणा येतो. डोंगरउतारावरच्या बागांतून काजूची बोंडं तुडवली जात असतात, त्यांचा रस मडक्यांतून फसफसत असतो, आणि तो वास कौलांखाली, कपाटातल्या साड्यांत, उशीच्या अभ्र्यात, एवढंच काय, पिण्याच्या पाण्याच्या तांब्यातदेखील येऊन बसतो. माझ्या आयुष्यातला एक मोठा निर्णय त्या वासात झाला म्हणून असेल, पण आजही बाजारात कुणाच्या टोपलीत पिवळीलाल बोंडं दिसली की मला आधी हसू येतं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग आत कुठेतरी काहीतरी ओलावतं.

अशाच एका दुपारी वासुदेव मला पाहायला आले. डिचोलीजवळच्या पाळी गावात एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. त्यांचे वडील सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आलेले आणि इथल्याच तांबड्या मातीत रुजलेले. वासुदेव अंगाने उंच, चालताना किंचित पुढे झुकणारे, हातांची बोटं ग्रीसने कायमची काळवंडलेली. शिऱ्याची बशी गुडघ्यावर घेऊन ते इतके निश्चल बसले होते की बशीतला चमचासुद्धा वाजला नाही. निघताना पायरीवर चपला चढवता चढवता त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुमका पोवूक येता?"

पोहायला येतं का! स्वयंपाकाचं, शिवणाचं, गाण्याचं विचारणारे येऊन गेले होते. पोहण्याचं विचारणारा हा पहिलाच. मी मान हलवून नाही म्हटलं. "बरां, बरां," असं म्हणून ते उन्हात निघून गेले, आणि मी बराच वेळ त्या 'बरां'चा अर्थ लावत अंगणात उभी राहिले. त्यात नापसंती नव्हती. राहून गेलेलं एखादं काम मनाशी टिपून ठेवावं, तसा तो सूर होता.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, शेवंताआत्याने. दादा गावच्या मराठी शाळेत मास्तर. ते दिवस भाषेच्या वादाचे होते. गोवा अजून राज्य व्हायचा होता, आणि राजभाषा कोकणी की मराठी यावरून बसमध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीतही माणसं हातघाईवर येत. दादा मराठीचे. ते सभांना जात, ठरावांचे मसुदे लिहीत, घसा बसवून घरी परतत आणि आत्याने दिलेलं गरम पाणी पीत मुकाट बसून राहत. गंमत अशी की आमच्या घरात पत्र मराठीत, आरती मराठीत, वर्तमानपत्र मराठीत. राग, माया आणि तापातलं बरळणं मात्र कोकणीत. दादांचा मराठीवरचा जीव खरा होता आणि कोकणीतला रागही खरा होता. त्या दोन खऱ्या गोष्टी एकाच माणसात विनातक्रार नांदताना मी रोज पाहत होते. बाहेरच्या जगाला ते का जमत नाही, हे मला कळत नसे.

सोयरीक आणणारे आमचे एक दूरचे मामा होते. बोलणी जवळजवळ ठरल्यातच जमा होती. पण उत्साहाच्या भरात मामा एके दिवशी बोलून गेले की मुलगा काही साधासुधा नाही, त्याने मुंबईच्या हिंदी सिनेमात काम केलं आहे.

दादांनी चष्मा काढला. "कसलं काम?"

मामांचा आवाज एकदम बारीक झाला. "मानग्याचां."

मानगे म्हणजे मगर. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक फिल्मवाली मंडळी पाळीजवळच्या एका सोडून दिलेल्या खाणीत उतरली होती. अर्धा माणूस आणि अर्धी मगर असा एक प्राणी पाण्यातून वर येऊन गावकऱ्यांना ओढून नेतो, अशी काहीशी कथा. प्राणी होण्यासाठी आणलेला मुंबईचा नट त्या रबरी कातड्यातल्या उकाड्याने पहिल्याच दिवशी आजारी पडला. वासुदेव त्या मंडळींचा बंद पडलेला जनरेटर दुरुस्त करायला गेले होते. उंची जुळली, आणि मगरीचं कातडं त्यांच्या अंगावर चढलं. हे सगळं मामांनी एका दमात सांगितलं. दादा उठून उभे राहिले.

"मानग्याक दिऊं माजां चेडू?" त्यांचा आवाज वरच्या आळीपर्यंत गेला असेल. माझी मुलगी मगरीला देऊ?

मामा हात जोडत निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले की नकार मी आज कळवणार नाही, चार दिवस थांबतो. संध्याकाळी दादा सभेला गेल्यावर आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. तिचं सगळं आयुष्य इतरांच्या निर्णयांच्या सावलीत गेलं होतं. लग्नानंतर वर्षभरातच ती माहेरी परतली होती आणि तिला काय हवं हे पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. "तुका तो आवडलो?" तिने विचारलं.  शिऱ्याची बशी आणि पोहण्याचा प्रश्न, एवढ्यावर माणूस आवडतो का? पण नकाराचा शब्द ऐकल्यापासून काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं, हेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चहा पीत असताना आत्याने सांगून टाकलं की तो सिनेमा डिचोलीच्या थिएटरात लागला आहे आणि ती मला घेऊन जाणार आहे.

दादा म्हणाले, "तसले सिनेमे बघण्यासारखे नसतात."

"वाईट म्हणूक तरी आधी बघूक होया," आत्या म्हणाली, आणि पदर खोचून आत निघून गेली.

कोरगावातून पेडणे, पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. डिचोली जवळ आली तशी रस्त्याकडेची झाडं हिरवी राहिनाशी झाली. खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि पानांवर, कुंपणांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबड्या धुळीचा थर चढला होता. आत्याच्या पांढऱ्या केसांवरही तो बसला आणि ती मेंदी लावल्यासारखी दिसू लागली. थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही दोघी सोडून बायका अशा चार-पाचच. बाकी सगळे ट्रकवाले, खाणीवरचे मजूर, वर्कशॉपची पोरं. घामाचा, बिडीचा, भाजलेल्या शेंगांचा वास, आणि पंख्यांचा घरघराट. दिवे मालवले तेव्हा आत्याने माझं मनगट पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्या सिनेमाचं काय सांगू? गाव म्हणे हिमालयाच्या पायथ्याचं. पण त्या गावामागे माडांची रांग होती आणि एका प्रसंगात लांबून आपला खनिजाचा ट्रक आरामात निघून गेला. रात्रीचे प्रसंग भर दुपारी चित्रित करून वरून निळा रंग फासलेला, त्यामुळे मध्यरात्री माणसांच्या काळ्याभोर सावल्या त्यांच्या पायाशी गोळा झाल्या होत्या. मगरीच्या पाठीवरचे काटे रबराच्या नळ्या कापून केलेले, शेपूट मागे दोरीने ओढलं जाणारं, आणि अंगावर दिलेला हिरवा रंग पाण्यात उतरून तळ्यात एक हिरवा तवंग पसरत जाणारा. मानगे पहिल्यांदा पाण्यातून वर आलं तेव्हा आत्याने ग्रामदेवी सातेरीचं नाव घेऊन डोळे मिटले, आणि त्याच क्षणी सगळं थिएटर उठून ओरडलं, "आमचो वासू!"

मग मला हळूहळू उमगत गेलं की ही माणसं घाबरायला आलेली नाहीत. त्यांतली बरीचशी हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहत होती. मानगे दगडावर चढताना त्याच्या पंजाखालून कॅनव्हासचा बूट कधी डोकावतो हे त्यांना पाठ होतं, तो डोकावायच्या आधीच सगळे एकसुरात "बूट! बूट!" म्हणत आणि डोकावला की देवाची पालखी आल्यासारखा जल्लोष करत. मोठ्या, देखण्या सिनेमात असा दोष दिसला की फसवल्यासारखं वाटतं. इथे दोष दिसला की कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटत होतं. ती खाण त्यांची होती, त्या उतारावरची माती त्यांच्या फुफ्फुसात होती. त्यांच्या जगण्याकडे आजवर कुठल्याही कॅमेऱ्याने वळून पाहिलं नव्हतं, आणि जो एक कॅमेरा आला तो हिमालयाचं खोटं नाव सांगत आला. पण त्या खोट्या नावाखाली त्यांना आपला चेहरा दिसला, आणि तेवढ्यावर ती माणसं तृप्त होती.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. गावकऱ्यांनी घेरलेलं मानगे पाण्यात तडफडतं. ती तडफड इतकी जिवंत होती की माझ्याही अंगावर काटा आला; पंजे पाण्यावर आपटत होते, मुखवटा वर येऊन पुन्हा बुडत होता. शिट्ट्यांनी छप्पर हाललं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी "पेद्रू!" असं ओरडलं आणि पाठोपाठ सगळे "पेद्रू! पेद्रू!" म्हणू लागले. पडद्याच्या एका कोपऱ्यात क्षणभर काहीतरी पांढरं चमकल्यासारखं मला वाटलं. पण ते काय, हे कळायच्या आत दृश्य बदललं.

आणि मग तो प्रसंग आला, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मानगे बेशुद्ध नायिकेला दोन्ही हातांवर उचलून तांबड्या उतारावरून वर येतं आणि तिला एका खडकावर टाकतं. टाकायचं होतं, असं म्हणायला हवं. कारण ते खाली वाकलं, आणि तिचं डोकं खडकाला टेकायच्या आधी त्याने आपला नखांचा, रबरी, बेंगरूळ पंजा त्या डोक्याखाली सरकवला. डोकं अलगद टेकेपर्यंत पंजा तिथेच राहिला. मग एकाएकी आपण कोण आहोत हे आठवल्यासारखं ते दचकलं, ताडकन उभं राहिलं, आणि दोन्ही हात वर करून, जरा उशिराच, गर्जलं. थिएटर हसून हसून लोळलं. "खंयचां मानगां? आवय ती!" कुणीतरी ओरडलं. कसली मगर, ही तर आई! मी हसले नाही. त्या निळ्या, खोट्या रात्री मला एक माणूस स्वच्छ दिसला होता.

घरी पोहोचलो तेव्हा दादा पडवीत बसले होते. आत्याने केस झटकत निकाल दिला, "मानगां बरां आसा. हिरो काय माका आवडाक नाय." आणि ती पाणी तापवायला आत गेली. दादांच्या ओठांच्या कडेला हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मी त्यांच्या पायांशी बसले आणि त्या पंजाची हकिकत सांगितली. वडिलांशी एका परक्या पुरुषाविषयी इतकं बोलायची ती माझी पहिलीच वेळ; सांगताना माझे कान तापले होते.

दादा म्हणाले, "तसं करायला सांगितलं असेल त्याला."

"नाही, दादा. सांगितलं असतं तर मग तो दचकला नसता."

दादा चष्मा पुसू लागले. त्यांचा घसा आदल्या दिवशीच्या सभेने बसलेला होता. अंगणात अंधार उतरत होता आणि वाऱ्यावर बोंडांचा तो वास होता. मग ते कोकणीत म्हणाले की मी पाहिलेलं नाही, तू पाहिलंस. हल्ली न पाहता बोलणारी माणसं फार झाली आहेत, त्यांत मी आणखी एक कशाला? आणि मग आत्याला हाक मारून म्हणाले, "मामाक कळय. आमका पसंत आसा म्हण."

लग्न पुढच्या वर्षी वैशाखात झालं आणि आमची हळद उतरते न उतरते तोच गोवा राज्य झालं. पाळीला घरोघर रेडिओ लागले होते, खाणीवर पेढे वाटले गेले. माझ्या सासरच्या गोठ्यात खुंटीवर ते मगरीचं कातडं टांगलेलं होतं. मुंबईची मंडळी जाताना ते ओझं नको म्हणून टाकून गेली होती. रबराचा आणि सुकलेल्या गाळाचा वास त्याला येई, आणि गाय त्याच्याकडे पाठ करून बसे. काही वर्षांत उंदरांनी ते संपवलं.

एका रविवारी वासुदेव मला ती खाण दाखवायला घेऊन गेले. तांबड्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला खड्डा आणि तळाशी हिरवंनिळं पाणी. आत आपलाच आवाज परत येईल अशी शांतता. मी त्यांना त्या खडकाबद्दल विचारलं. ते आपल्या डोक्याला हात लावून म्हणाले, "तिची तकली आपटली असती," आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग मी त्या तडफडीबद्दल विचारलं, किती हुबेहूब केलीत म्हणून. तेव्हा मात्र ते खाली बसले.

ती त्यांनी केली नव्हती. कातड्याच्या आतल्या स्पंजाने पाणी पिऊन घेतलं होतं आणि ते बुडत होते. मुखवट्याच्या आत ओरडलेलं बाहेर कुणाला ऐकू जाईना. त्यांच्या कानात फक्त त्यांचा स्वतःचा श्वास. काठावर टाळ्या पडत होत्या, दिग्दर्शक "और! और!" म्हणत होता, कॅमेरा चालू होता. काठावरच्या गर्दीत पेद्रू होता. पेद्रू मूळचा मुरगावचा, खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला, आणि लग्न करून इथे नदीकाठी स्थायिक झालेला. बार्ज भरायची थांबली होती म्हणून तो गंमत पाहायला आला होता. सगळे टाळ्या वाजवत असताना त्याच्या मनात एकच विचार आला, तो त्याने पुढे मला स्वतःच सांगितला: "वैनी, वासू केन्नाच इतले हात हालयना." वासू एवढे हात कधीच हलवत नाही! शर्ट काढून फेकून, बनियनवरच त्याने कड्यावरून उडी घेतली, खिशातल्या सुरीने पाठीवरच्या नाड्या कापल्या आणि त्यांना काठाला ओढून आणलं. मंडळींकडे फिल्म कमी होती. त्यांनी ते दृश्य तसंच ठेवलं. कोपऱ्यातली पेद्रूची उडीही राहून गेली.

त्यानंतर पेद्रूने वासुदेवांना नीट पोहायला शिकवलं, आणि वासुदेवांनी मला, गावाखालच्या ओढ्याच्या डोहात, साडी गुडघ्यांवर खोचून, शेजारणी हसत असताना. पण तो सिनेमा त्यांनी कधी सबंध पाहिला नाही. पुढे कुणाकुणाकडे व्हिडिओवर तो लागे, पोरं त्यांना ओढून नेत. ते हसत जात, आणि तो प्रसंग जवळ आला की पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर निघून जात. तिकडे पोरं "पेद्रू! पेद्रू!" म्हणून नाचत असत आणि पेद्रू स्वतः तिथे असला तर उठून मानकऱ्यासारखा वाकून सलाम करत असे.

वर्षं गेली. आत्या गेली, दादा गेले. खाणी बंद झाल्या, बार्ज नदीत गंजत उभ्या राहिल्या, पानांवरची तांबडी धूळ पावसांनी धुऊन नेली आणि तिच्यासोबत बरीच माणसंही कामधंद्यापायी गाव सोडून गेली. पेद्रूची फुफ्फुसं थकली आणि एका पावसाळ्यात तोही गेला. सिनेमा कुणाच्या लक्षात उरला असेल असं वाटायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात पणजीहून एका तरुण मुलीचा फोन आला. त्यांचा एक गट होता, असले स्वस्तातले राक्षसांचे सिनेमे हुडकून काढून एकत्र बसून पाहणारा. मानगे झालेला माणूस अजून आहे हे कळल्यावर तिचा आवाज आनंदाने चिरकला होता.

आम्ही गेलो. छोटंसं सभागृह, गार हवा, कॉफीचा वास. मुलामुलींच्या सदऱ्यांवर हिरवी मगर रंगवलेली, तिच्या पंजाखाली बूटसुद्धा. वासुदेवांच्या पाया पडायला रांग लागली आणि ते बिचारे प्रत्येकाला "बस, बस" म्हणत राहिले. सिनेमा सुरू झाला तशी मी मनातून आक्रसले. ही मुलं पाळीची नव्हती. ती खाण त्यांची नव्हती, ना ती माती. ती शिकलेली, चांगल्या घरची मुलं आमच्या गरिबीतल्या एका गरीब सिनेमाला हसायला आली आहेत, असं मला वाटलं. पण ती बुटाला हसली, आणि त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. जे कुणी धड जपलं नाही, ज्याची कुणी आठवण ठेवली नाही, ते त्यांनी कुठल्याशा खराब कॅसेटवरून सोडवून घेतलं होतं, आणि जखमी पाखरू ओंजळीत धरावं तसं हसत हसत धरलं होतं. नखांचा तो पंजा डोक्याखाली सरकला तेव्हा तर साऱ्या सभागृहातून एकच लांबलचक, मायेचा हुंकार उमटला.

त्या आधीचा प्रसंग सांगायचा राहिला. तडफड सुरू झाली तेव्हा मी वासुदेवांकडे पाहिलं. ते उठायला वळले होते. इतक्यात मुलांनी तालात टाळ्या धरल्या आणि ओरडू लागली, "बनियन! बनियन!" पेद्रूचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या लेखी तो कुणीतरी वेंधळा, चुकून चित्रात आलेला माणूस. वासुदेव अर्धवट उठलेले तसेच थांबले. पडदा मोठा होता, चित्र घासून पुसून स्वच्छ केलेलं होतं, आणि त्या कोपऱ्यात, दोन्ही हात पुढे करून, तरुण पेद्रू हवेत होता. क्षणभरच. वासुदेव हळूच खाली बसले. त्यांच्या घशातून "पेद्रू" असा शब्द निघाला, पण तो टाळ्यांत कुणाला ऐकू गेला नाही.

सिनेमा संपल्यावर त्यांना पुढे बोलावलं. त्या मुलीने विचारलं, "काका, तो बनियनवाला कोण? तो मध्येच का उडी मारतो?" सगळे हसले आणि उत्तराची वाट पाहू लागले. मला वाटलं, आता हे सांगतील आणि हे सगळे चेहरे उतरतील, आणि उतरू देत. वासुदेवांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "तो माजो दोस्त. पेद्रू नाव ताचां. ताका उडी मारूशी वाटली, त्यानं मारली." हशा उसळला. आणि मग मुलं उभी राहून ओरडू लागली, "पेद्रू! पेद्रू!"

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, खरं का सांगितलं नाही. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हसत होती ना पोरां?" इतकंच. मला ते पटलं की नाही, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

उतरल्यावर ते घराकडे वळले नाहीत. नदीकाठच्या वाटेने पेद्रूच्या घरी गेले, मी मागोमाग. दिवेलागणीची वेळ होती. पेद्रूची बायको आंजेलीन बल्कांवात, दारापुढच्या बैठकीवर, तांदूळ निवडत बसली होती. वासुदेवांनी तिला सगळं सांगितलं: सभागृह, गार हवा, टाळ्या, मुलांनी घेतलेलं नाव. सांगता सांगता ते अंगणाच्या कडेला गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून, दोन्ही हात पुढे करून, पेद्रूने उडी कशी घेतली ते त्यांनी करून दाखवलं. आंजेलीन तोंडावर पदर घेऊन हसली. मग तिचं हसू थांबलं आणि तिने जरा संकोचून विचारलं, "ताचें बनियन फाटलेलें. तें दिसतालें?"

त्या दिवशी तो शर्टाखाली फाटकं बनियन घालून गेला होता आणि सगळ्या जगाने ते पाहिलं, ही खंत तिने इतकी वर्षं कुणाला न सांगता उराशी धरली होती. त्या स्वच्छ केलेल्या चित्रात मी पाहिलं होतं: डाव्या खांद्याखाली तळहात मावेल एवढं मोठं भोक, आणि त्यातून दिसणारी काळीसावळी, घामाने ओली पाठ.

"ना गे," वासुदेव म्हणाले, "खंय दिसता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाईमाणूस, कपड्यातलं मला कळणार. नदीवरून गार वारा आला, सुपातल्या तांदळातला कोंडा थोडासा उडाला.

"नाही हो, आंजेलीनबाय," मी म्हटलं. "पांढरं शुभ्र दिसत होतं."